पायरी ओळखण्याचा खेळ

टोकावडे (ता. मुरबाड) : कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील टोकावडे परिसरात भाताची कापणी आटोपली, की मोकळ्या झालेल्या खाचरांतून क्रिकेट सुरू होते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतच नव्हे, तर साऱ्या ग्रामीण ठाणे जिल्ह्यात हे क्रिकेट प्रामुख्याने टेनिसच्या चेंडूने खेळले जाते. चामड्याचा चेंडू महाग, त्यासाठी लागणारी खेळपट्टी आणि पॅड-ग्लोव्हज त्याहून महाग. टेनिसचा चेंडू मात्र कोणत्याही जमिनीवर चालतो आणि खेळणाऱ्याची परीक्षाही नेमकी घेतो. नवा मुलगा गोलंदाजीस उभा राहिला, की कडेला बसलेली जुनी मंडळी त्याच्या पहिल्या चेंडूकडे फारसे लक्ष देत नाहीत. फटका बसल्यावर तो पुढचा चेंडू कोठे टाकतो, हे ती पाहतात. सहा चेंडूंत त्यांचा निवाडा झालेला असतो.

टेनिसमध्ये या निवाड्याला आकड्यांची जोड मिळाली आहे. अमेरिकेत हौशी टेनिसपटूंची गुणवत्ता १ ते ७ अशा श्रेणीत मोजली जाते आणि दोन अंकांच्या मध्ये अर्ध्या अंकाची पायरी असते. चेंडू कसाबसा जाळीपलीकडे घालवणारा नवशिका सर्वांत खालच्या पायरीवर असतो. ज्याला चेंडूची दिशा साधते तो त्याच्या वर, ज्याला लांबी, फिरकी आणि वेग हवा तसा बदलता येतो तो आणखी वर आणि ज्याची उपजीविकाच खेळावर चालते तो जागतिक दर्जाचा व्यावसायिक ७ या अंकावर. मोजण्याची रीत कोणतीही असो, ती एक गोष्ट गृहीत धरते. खेळाडूला खेळू दिले जाईल आणि त्याने जे करून दाखवले ते मान्य होईल, ही ती गोष्ट होय.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील साहेबांच्या क्लबमध्ये एक तरुण क्रिकेटची खेळपट्टी लाटत असे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसच्या कोर्टवर रेषाही आखत असे. त्याच्या बाबतीत ही गोष्ट गृहीत धरण्याजोगी नव्हती. त्याचे नाव बाळू पालवणकर. आपल्या काळातील तो भारतातील सर्वश्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक ठरला. त्याची गुणवत्ता ओळखायला समोरच्या फलंदाजांना वेळ लागला नाही. ती मान्य करायला मात्र त्याच्या स्वतःच्या माणसांना जवळजवळ सारी हयात लागली.

रोलर, जाळी आणि चुन्याच्या रेषा

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. कोकणातील पालवण या मूळ गावावरून घराण्याला हे आडनाव मिळाले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बाळूंचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. गणपत आणि विठ्ठल हे त्यांच्या पाठचे भाऊ. पुढे चारही भावांनी वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये नाव मिळवले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये होती. खेळपट्टी झाडणे आणि लाटणे या कामासाठी महिना ३ रुपये मिळत. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबमध्ये दाखल झाले. पगार एका रुपयाने वाढून ४ रुपये झाला. खेळपट्टी लाटावी, रेषा आखाव्यात, सरावाच्या जाळ्या उभाराव्यात, प्रसंगी टेनिस कोर्टची आखणी करावी, असे कामाचे स्वरूप होते.

त्या काळातील जिमखान्यांच्या टेनिस कोर्टवरही असाच एक नोकर असे. त्याला मार्कर म्हणत. चेंडू गोळा करणे, कोर्ट तयार ठेवणे आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणे हे त्याचे काम. रोजच्या खेळाने हात तयार झालेला हा माणूस पुष्कळदा क्लबमधील सभासदांपेक्षाही सरस खेळे. तरीही त्याची गणना खेळाडूंत न होता नोकरांत होई. क्रिकेटच्या जाळ्यांमध्ये बाळूंचे स्थान याहून वेगळे नव्हते.

एके दिवशी क्लबमधील एका गोऱ्या सभासदाने सरावासाठी त्यांच्या हाती चेंडू दिला. डावखुरी, संथ गोलंदाजी आणि सहज, सुटी हालचाल. चेंडू हवेत रेंगाळे, अपेक्षेपेक्षा अलीकडे पडे आणि वळे. शिकवणारा कोणी नव्हता. साहेबांच्या संघातील गोलंदाजांना पाहून त्यांनी ही विद्या हस्तगत केली होती.

आठ आण्यांची विकेट

क्लबमधील सर्वांत नावाजलेले फलंदाज होते जे. जी. ग्रेग. पुढे ते इंग्लंडमधील हॅम्पशायर संघाकडूनही खेळले. पायांच्या चपळ हालचालीसाठी ते प्रसिद्ध होते. हे ग्रेग साहेब इतर सभासद येण्यापूर्वी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंना गोलंदाजी करायला लावत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी ते बाळूंना ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. महिना ४ रुपये मिळवणाऱ्या तरुणाला ८ विकेटमध्ये एका महिन्याचा पगार सुटत असे, असा त्याचा हिशेब होतो. गोलंदाजाची योग्यता ठरवण्याची याहून साधी श्रेणी क्वचितच कोणी तयार केली असेल.

या सरावात गोलंदाज आणि फलंदाज दोघेही तयार होत गेले. वर्षानुवर्षे एका उत्तम फलंदाजाला गोलंदाजी करणे म्हणजे काय, हे जाणकारांना सांगण्याची गरज नाही. पहिल्यांदा फसलेला फलंदाज दुसऱ्यांदा त्याच चेंडूवर फसत नाही. त्यामुळे गोलंदाजाला टप्पा बदलावा लागतो, वेग बदलावा लागतो, चेंडू सोडण्याची जागा बदलावी लागते. नवशिक्याकडून व्यावसायिकाकडे जाणारी जी वाट आहे, ती बाळूंनी पुण्याच्या त्या जाळ्यांत पार केली.

एक गोष्ट मात्र त्यांना तेथे कधीही मिळाली नाही. साहेबांच्या क्लबमध्ये त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान होता आणि गोलंदाजी हे कष्टाचे काम. ही समजूत केवळ हिंदुस्थानातील नव्हती. खुद्द इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू जेंटलमन आणि पैसे घेऊन खेळणारा प्लेअर अशी विभागणी होती. दोघांच्या खोल्या निराळ्या, मैदानात उतरण्याची दारेही अनेक ठिकाणी निराळी. क्रिकेटमधील हा भेद १९६२पर्यंत अधिकृतपणे टिकला. टेनिसमध्ये तर व्यावसायिक खेळाडूला विम्बल्डनची दारे १९६८मध्ये उघडली. व्यावसायिक हा शब्द आज गुणवत्तेची सर्वोच्च पायरी दाखवतो. त्या काळी तो खेळाडूचे सामाजिक स्थान खाली असल्याची खूण होता.

मातीचा पेला

नोकर म्हणून गोलंदाजी करणाऱ्या बाळूंची ख्याती शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज शहरातच होता. अडचण जातीची होती. त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत मतभेद झाले. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदू संघाचा मूर्खपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनी उघडपणे मांडल्याचे सांगतात. अखेर बाळूंची निवड झाली.

मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हाताळत होते, त्यांच्या गोलंदाजीवर झेल घेत होते. चहाची वेळ झाली, की चित्र पालटे. इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यातून. जेवणाचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे. तोंड धुवायचे झाले तर पाणी देणाराही अस्पृश्य समाजातील नोकरच असे. डावात निम्मे गडी बाद करणाऱ्या गोलंदाजाची ही बडदास्त होती.

पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांवर विजय मिळवण्यास सुरुवात केली, ती मुख्यतः बाळूंच्या गोलंदाजीवर. साताऱ्याच्या सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तेथील युरोपियन संघाने बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून खेळपट्टी आठवडाभर लाटून टणक करून ठेवली होती. जो माणूस स्वतः खेळपट्टी लाटून मोठा झाला, त्याच्यावर हा उपाय चालणार नव्हता. बाळूंनी ७ गडी बाद केले आणि पुण्याचा संघ जिंकला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यानंतर त्यांचा जाहीर गौरव केला. ज्यांच्या बरोबरीने खेळता, त्यांच्या बरोबरीने बसून खाण्यात कमीपणा कसला, असा रानड्यांचा मुद्दा होता. हळूहळू मातीचा पेला मागे पडला.

मुंबई आणि १९०६चा सामना

प्लेगच्या साथीच्या काळात, १८९६च्या सुमारास बाळू मुंबईस आले. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यानेही काही सभासदांचा विरोध बाजूला सारून त्यांना आपल्या संघात घेतले.

१९०६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या हिंदू संघाचा युरोपियन संघाशी सामना झाला. स्थळ होते बॉम्बे जिमखान्याचे मैदान. ज्या जिमखान्यात एतद्देशीयांना सभासद होता येत नव्हते, त्याच्याच अंगणात हा सामना रंगला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघाचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. बाळूंच्या जोडीला या संघात त्यांचे बंधू शिवराम हेही होते.

या विजयाला क्रिकेटपलीकडचा अर्थ होता. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता आणि राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे मुंबईने पाहिले. सुधारणावादी वृत्तपत्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. हिंदू संघ जिंकला, कारण त्याने जातीपेक्षा गुणवत्तेला अधिक महत्त्व दिले. निदान गोलंदाज निवडताना तरी ते तसे दिले गेले होते.

इंग्लंडचा दौरा

खेळाडूची खरी पायरी कळते ती तो परक्या मैदानावर, परक्या हवेत आणि अनोळखी प्रतिस्पर्ध्यांपुढे उभा राहिल्यावर. टेनिसमध्ये आपल्या क्लबचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत गारद होतो, याचे कारण हेच. बाळूंची ही परीक्षा १९११मध्ये झाली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा ३५ वर्षांचे होते. संघात शिवरामही होते.

संघ म्हणून हा दौरा यशस्वी ठरला नाही. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० सामने संघाने गमावले, २ जिंकले आणि २ अनिर्णित राहिले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांविरुद्धचे ते दोन विजय होते. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून मिळवलेल्या विजयात शिवराम यांचे नाबाद शतक मोलाचे ठरले.

या पराभवांच्या मालिकेत एका माणसाचे आकडे वेगळे दिसतात. बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, तेही प्रत्येकी १८.८४ धावांच्या सरासरीने. त्यांपैकी ७५ गडी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी टिपले. हा उन्हाळा त्यांनी कौंटी क्रिकेटमध्ये मुरलेल्या व्यावसायिक फलंदाजांविरुद्ध काढला होता. कौंटी संघांकडून त्यांना व्यावसायिक म्हणून खेळण्याबाबत विचारणा झाल्याचेही सांगितले जाते. हाताशी भक्कम संघ नसताना, नेहमी हरणाऱ्या बाजूकडून खेळताना हे आकडे मिळाले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची खरी किंमत कळते.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या वेळचे मानपत्र तयार करण्यात एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचा हात होता, असे सांगितले जाते. बाळू हे त्या पिढीतील अस्पृश्य तरुणांचे पहिले सर्वमान्य नायक होते. संधी मिळाली तर आपला माणूस कोणत्या पायरीपर्यंत जाऊ शकतो, याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा त्यांच्या रूपाने उभा होता.

शेवटची पायरी

हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज म्हणून कर्णधारपदासाठी बाळूंचे नाव १९१०पासून पुढे येत राहिले. दरवर्षी ते मागे ठेवले गेले. १९१३मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर हा मान वस्तुतः बाळूंचा आहे, असे जाहीर समारंभात बोलून दाखवले. निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही.

गोलंदाज निवडताना जात विसरता येते, कारण विकेट सर्वांनाच हव्या असतात. कर्णधार निवडणे म्हणजे दहा जणांनी त्याचा हुकूम मानायचा हे मान्य करणे. हिंदू जिमखान्याच्या निवड समितीचे पाऊल नेमके येथे अडत होते. संघाच्या रणनीतीत बाळूंचा सल्ला घेतला जाई. त्याच्या शेजारी त्यांचे नाव लिहिण्याची तयारी मात्र नव्हती.

१९२०च्या चौरंगी स्पर्धेत हा प्रश्न उघड्यावर आला. चव्वेचाळिशीत पोचलेल्या बाळूंना आरंभी संघातून वगळले गेले. कर्णधार पै आजारी होते. त्यांच्या जागी विठ्ठल पालवणकर यांचा हक्क असताना समितीने त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या प्रा. दि. ब. देवधर यांची निवड केली. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपल्यावर जातीमुळे अन्याय झाल्याचे जाहीर निवेदन काढले. वृत्तपत्रांतून वाद पेटला. अस्पृश्यता निवारणाची भाषा त्या वेळी सार्वजनिक सभांतून होऊ लागली होती आणि मैदानावरची ही वागणूक तिच्याशी विसंगत होती.

अखेर तडजोड झाली. पुढच्या सामन्यासाठी पै कर्णधार म्हणून परतले, पालवणकर बंधू संघात आले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यादरम्यान पै मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळेपुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. चार रुपयांच्या नोकरीपासून सुरू झालेल्या प्रवासातील शेवटची पायरी त्यांनी गाठली ती अशी, दुसऱ्याने थोडा वेळ रिकामी केलेल्या जागेवर. त्याच मोसमात त्यांची प्रथम श्रेणीतील कारकीर्द संपली. ३३ सामने, १७९ बळी आणि सरासरी १५.२१ ही त्यांची नोंद आहे.

तीन वर्षांनी, १९२३मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. कोणाच्या गैरहजेरीमुळे नव्हे, तर रीतसर निवडीने. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने सोसलेल्या वर्षांचे फळ धाकट्याच्या पदरात पडले. विठ्ठल यांनी पुढे १९४८मध्ये आपले आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. पालवणकर बंधूंच्या कर्तृत्वाची बरीचशी हकीकत त्यामुळे टिकून राहिली.

भारताने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२मध्ये, लॉर्ड्स मैदानावर. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे होते. कसोटीच्या आकडेवारीत त्यांचे नाव नाही आणि आकड्यांवरूनच खेळाडू ओळखणाऱ्या पुढच्या पिढ्यांना म्हणूनच त्यांचा विसर पडला.

मैदानाबाहेरचा डाव

त्याच १९३२ साली सप्टेंबरमध्ये झालेल्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत बाळू होते. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचा कल महात्मा गांधींच्या भूमिकेकडे होता. जे आंबेडकर एकेकाळी त्यांच्याकडे अभिमानाने पाहत, त्यांच्यापासून बाळूंची राजकीय वाट वेगळी झाली. १९३७च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले.

या निवडणुकीवरून त्यांना कोणी काँग्रेसच्या हातातील मोहरा म्हटले. मतभेदाचे मूळ मात्र दोघांच्या अनुभवांत होते. सवर्णांच्या संघात राहून, रोज खेळून, त्यांचे मन बदलता येते असा बाळूंचा अनुभव होता. मातीचा पेला त्यांनी बाजूला होताना पाहिला होता. त्या बदलाला किती वर्षे लागली आणि तरीही तो कोठे येऊन थांबला, हा आंबेडकरांचा हिशेब होता. बाळूंच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिले, तर दोघांच्याही बाजूने पुरावा सापडतो.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा त्याच वर्षी १ जूनपासून अमलात आला होता. ज्या पेल्यातून त्यांना चहा दिला गेला, तो पेला कायद्याने गुन्हा ठरल्याचे पाहून ते महिन्याभराने गेले. अंत्ययात्रेस क्रिकेटपटू आणि दलित समाजाचे पुढारी असे दोन्हींकडचे लोक उपस्थित होते.

टोकावड्याच्या शिवारात पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एखादा पोरगा टेनिसचा चेंडू हातात घेऊन उभा राहील आणि कडेची मंडळी सहा चेंडूंत त्याला जोखतील. ते काम अवघड नाही. पुण्याच्या त्या जाळीत ग्रेग साहेबांनाही ते फारसे अवघड गेले नव्हते. त्या मुलाला संघात घेतल्यावर पंगतीत कोठे बसवायचे आणि पुढे कर्णधार म्हणून कोणाचे नाव पुकारायचे, या प्रश्नांची उत्तरे मात्र चेंडू देत नाही. ती उत्तरे माणसांना द्यावी लागतात आणि बाळूंच्या बाबतीत ती द्यायला तीन दशके गेली.